घारे डोळे, काळी बोटं आणि टिकलीचा डाग

'रूप आणि मी' या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कोकणपट्टीतून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. उत्तरं त्वचारोगतज्ज्ञ आणि समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत. बहुतेक पत्रांची सुरुवात "माझ्यातच काहीतरी खोट आहे" अशी होते आणि दोन ओळींनंतर कारण निघतं ते डिंकाचं, मलमाचं नाहीतर मोबाइलच्या भिंगाचं. म्हणून आधी वस्तू तपासू, मग माणूस.

वय ५२. तीस वर्षं चिकटवायची टिकली लावते. वर्षभरापासून कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडलाय. तो झाकायला मोठी टिकली घेतली, तर डागही मोठा झाला. टिकलीशिवाय बाहेर पडले की बायका हळूच विचारतात, "घरी सगळं ठीक ना?" आरशात माझी मलाच ओळख पटत नाही. हे कोड आहे का? नातवाला लागेल का? (गुहागर)

लागणार नाही. कोडही कुणाला लागत नाही, आणि तुमचा डाग बहुधा टिकलीच्या डिंकाचा आहे. बऱ्याच टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशींना ते मारक ठरतं. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण ज्यांना होतो त्यांना तो वर्षानुवर्षं वापरल्यावरही होऊ शकतो. काहींना आधी खाज येते, लाली येते. काहींना काहीच कळत नाही, थेट पांढरा ठिपका दिसतो. मोठी टिकली लावून तुम्ही डिंकाचं क्षेत्र वाढवलंत, म्हणून डाग वाढला.

आजपासून चिकट टिकली बंद. 'फक्त सणाला', 'फक्त लग्नाला' हेही नको, कारण थोड्या तासांचा डिंकसुद्धा उपचार मागे नेऊ शकतो. त्वचारोगतज्ज्ञ वुड्स दिव्याखाली, म्हणजे अतिनील उजेडात, डाग बघतील आणि साधारणपणे टॅक्रोलिमस मलम किंवा थोड्या दिवसांपुरतं सौम्य स्टिरॉइड देतील. चेहऱ्याची कातडी उपचारांना चांगली साथ देते. रंग परत येतो तो एकदम पसरत नाही. लवेच्या मुळांभोवती मोहरीएवढे तपकिरी ठिपके उठतात आणि ते एकमेकांना मिळत जातात, कारण रंगपेशींचा शिल्लक साठा केसाच्या मुळाशी असतो. तीन ते सहा महिने धरून चला. डागातली लव पांढरी झाली असेल तर वेळ जास्त लागतो, कधी रंग पूर्ण येतही नाही. टिकली बंद करूनही डाग पसरला, किंवा ओठ, बोटांची टोकं, कमरेला परकराची नाडी घासते ती जागा असे नवे डाग आले, तर मात्र ते कोड धरून उपचार करावे लागतात. डागावर बधिरपणा वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, कारण बधिर डाग कुष्ठरोगाचाही असू शकतो आणि त्याची तपासणी वेगळी.

आता कपाळाचं. टिकली नसलेलं कपाळ बघून आपल्याकडे लोक काय समजतात, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून 'टिकली सोडा' एवढं सांगून आम्ही मोकळे होणार नाही. जुनी पद्धत धरा: बोटाने मेणाचा पातळ ठिपका द्यायचा आणि वर पिंजर दाबायची. पण बाजारच्या पिंजरीतही कृत्रिम रंग असू शकतो आणि त्याने पांढऱ्याऐवजी काळा डाग पडतो. त्यामुळे मेण आणि पिंजर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लावा, ४८ तास ठेवा आणि पुसल्यावर आणखी दोन दिवस बघा. खाज नाही, लाली नाही, तर कपाळावर चालेल. तेही डागाच्या जरा वर किंवा खाली, डागावर नको. रात्री पुसून झोपा. डागावर गोंदवून घ्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सुईच्या जखमेवर नवा पांढरा डाग उठू शकतो.

बायकांना उत्तर काय द्यायचं? "डिंकाची ॲलर्जी झालीय, तुझ्याही टिकलीखाली बघ." विचारणारीचं लक्ष लगेच स्वतःच्या कपाळाकडे जातं.

काजूच्या कारखान्यात गर काढते. बोटं काळी, सोललेली. लग्नाकार्यात हात पदराखाली ठेवून जेवते. मुलगी म्हणते, "आई, शाळेत येऊ नको." त्यात रेशन दुकानात अंगठा जुळत नाही. मशीन म्हणतं ही तू नाहीसच! (वेंगुर्ले)

काजूच्या टरफलातलं तेल उततं, कातडी भाजल्यासारखी करतं, हे तुम्हाला आमच्याहून जास्त माहीत आहे. त्यात मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल असतं. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, म्हणून काजूने एकदा चांगलंच उतलेल्या माणसाला पुढे आंब्याचा चीकही सोसत नाही. बी वाफवली तरी टरफलात तेल राहतंच आणि फोडताना ते बोटांवर येतं.

सगळ्यात मोठी चूक सुट्टी झाल्यावर होते. हात थेट पाण्याखाली धरले की तेल निघत नाही, नुसतं पसरतं. आधी कोरड्या फडक्याने पुसा. मग चमचाभर खोबरेल दोन मिनिटं चोळा, नखांच्या कडांतही. पुन्हा पुसा. त्यानंतर साबण. रॉकेल, चुना, लिंबू यांनी काळेपणा निघाल्यासारखा वाटतो, पण कातडी आणखी सोलते आणि दुसऱ्या दिवशी तेल अधिक आत जातं. राख सुकी असेपर्यंत ठीक, ओल्या हाताला लागली की तीही झोंबते. कामाला बसण्याआधी एरंडेलाचा हात बोटांवरून आणि नखांच्या मुळांशी फिरवा. पातळ रबरी हातमोजे तेलाने फुगून फाटतात, नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, टिकतात. हातमोजा घालून गर सुटत नाही ही तुमची तक्रार खरी आहे. मग निदान गर धरणाऱ्या तीन बोटांना नायट्राइलच्या टोप्या घाला आणि जेवणाच्या सुट्टीत बदला. हा खर्च मालकाने करायचा असतो. तुम्ही एकटीने मागण्यापेक्षा पाचजणींनी मिळून मागा.

काळेपणा वरच्या मेलेल्या थरात असतो. काम थांबलं की साधारण महिन्याभरात बोटांची कातडी नवी होते. नखं महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतात, त्यामुळे नखातला डाग पुढे सरकत जायला पाच-सहा महिने लागतात. घरचं कार्य महिन्यावर आलं असेल आणि मालक ऐकणारा असेल, तर तेवढे दिवस वर्गवारी किंवा पॅकिंगचं काम मागून घ्या.

ठशांचंही असंच. ठशाच्या रेषांचा साचा कातडीच्या खालच्या थरात असतो. वरचा थर जळला तरी नवी कातडी त्याच रेषा घेऊन येते, खोल व्रण राहिला असेल तरच अडतं. दुकानात अंगठ्याचा हट्ट धरू नका. दहापैकी कुठलंही बोट चालतं आणि करंगळी, अनामिका यांना तेल कमी लागतं. कोरडं, भेगाळलेलं बोट यंत्राला वाचता येत नाही, म्हणून निघण्याआधी खोबरेलाचा अगदी पुसट हात फिरवून बोट फडक्याला टिपा. आधार केंद्रात दहाही बोटांचे आणि बुबुळांचे ठसे नव्याने देता येतात. ते पावसाळ्यात, हात भरून आल्यावर करा. ऐन काजूच्या दिवसांत दिलेला ठसा पुन्हा बाद होतो. डोळे वाचणारं यंत्र दुकानात असेल तर तेच मागा. आणि केवळ ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, अशी केंद्राच्या अन्न विभागाची २०१७ पासून सूचना आहे. दुकानदाराला हे शांतपणे सांगा. तो ऐकला नाही तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या.

मुलीवर रागावू नका. तिला एक दिवस कारखान्यात घेऊन या. एका किलोमागे किती बिया फोडाव्या लागतात, ते तिला मोजू दे.

घरात सगळे गोरे आणि घारे. मी सावळा, डोळे काळेभोर. "तू कोकणस्थ वाटत नाहीस" आणि "दवाखान्यात बदलला असेल" हे लहानपणापासून ऐकतोय. आता घाऱ्या रंगाच्या लेन्स घ्याव्यात असं वाटतं. (देवरूख)

डोळ्याच्या बाहुलीभोवतीच्या पडद्यात मेलॅनिन भरपूर असेल तर डोळा काळा-तपकिरी दिसतो, कमी असेल तर घारा. घाऱ्या डोळ्यांत वेगळा असा घारा रंग नसतोच. मेलॅनिन कमी आणि प्रकाश विखुरलेला, एवढंच. यात पंधराव्या गुणसूत्रावरची दोन जनुकं मोठी कामगिरी करतात, पण ती दोनच नाहीत. म्हणून दोन्ही आईवडील घारे असूनही मूल काळ्या डोळ्यांचं होऊ शकतं. क्वचित होतं, पण होतं. कातडीचा रंग तर याहून जास्त जनुकांचा खेळ आहे आणि एका आईच्या दोन मुलांत गव्हाळ ते सावळा इतकी तफावत अगदी नेहमीची. डोळ्यांवरून वंश ओळखणारे काका-मामा प्रत्येक गावात असतात. त्यांना जनुकं समजावायला जाऊ नका, एक आंबा हातात द्या.

लेन्सचं मात्र नीट ऐक. नंबर नसला तरी रंगीत लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरकडून मापाने घ्यावी लागते. लेन्स घालून विहिरीवर, नदीत किंवा समुद्रात अंघोळ म्हणजे ॲकँथअमिबाला आमंत्रण. हा जीव साध्या पाण्यात असतो आणि बुबुळाला असा व्रण करतो की नजर कायमची अधू होऊ शकते. लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही, झोपताना काढायची, मित्राबरोबर अदलाबदल करायची नाही. एवढं सांभाळायची तयारी असेल तर एखाद्या दिवशी हौसेला घाल. रोज घालून 'घरातला' दिसायचं असेल, तर लेन्सचं दुकान गाठण्याआधी आईशी बोल. हे टोमणे ऐकून तुला काय वाटतं, ते तिला माहीतच नसेल.

वय १९. सेल्फीत माझं नाक बटाट्यासारखं दिसतं. आरशात इतकं वाईट नसतं. खरं काय? मैत्रिणींच्या ग्रुप फोटोतून मी बाहेर राहते. (रत्नागिरी)

दोन्ही खोटं, आणि सेल्फी जास्त खोटी. कॅमेरा जवळ असला की जवळची वस्तू मोठी दिसते. हात वाकवून घेतलेल्या सेल्फीत फोन चेहऱ्यापासून साधारण ३० सेंटीमीटरवर असतो, त्यामुळे नाक भिंगाला कानांपेक्षा बरंच जवळ येतं. अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी २०१८ साली हे गणिताने मांडलं: ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसते. आज घरीच कर. फोन खिडकीच्या कठड्यावर चेहऱ्याच्या उंचीला टेकव, दीड मीटर, म्हणजे दोन मोठी पावलं मागे ये, दुप्पट झूम ठेव, दहा सेकंदांचा टायमर लाव. उजेड समोरून असू दे, डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा नको, त्याने नाकाखाली सावली पडते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ब्युटी' चालू असेल तर बंद कर. बरेच फोन ते आपणहून चालू ठेवतात, मग फिल्टरविना दिसणारा चेहरा परका वाटायला लागतो.

आरशाची गंमत वेगळी. आरशात भांग डावीउजवीकडे उलटतो आणि जन्मभर आपण तीच उलटी प्रतिमा बघत असतो. १९७७ सालच्या एका प्रयोगात लोकांना त्यांचे सुलटे आणि उलटे असे दोन्ही फोटो दाखवले. स्वतःला बहुतेकांना आरशातला आवडला, मित्रमैत्रिणींना मात्र सुलटा. सवयीचं असतं तेच बरं वाटतं. मैत्रिणींना तुझा जो चेहरा सवयीचा आहे, तो तू आरशात कधी बघितलेलाच नाहीस.

एक आठवडा वहीत लिही: नाकाचा विचार, आरसा, फोटो पुसणं, या सगळ्यात रोज किती मिनिटं गेली. आरसा हाताच्या अंतरावरूनच, सकाळी एकदा आणि बाहेर पडताना एकदा. चेहरा काचेला लावून बघायचं नाही. इतक्या जवळून कुणाचीच कातडी चांगली दिसत नाही. बेरीज रोज तासाच्या वर जात असेल, वर्ग बुडत असतील, 'ऑपरेशन करून टाकू' असं सारखं वाटत असेल, तर हा नाकाचा प्रश्न उरत नाही. याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. वर्तनोपचाराने आणि गरज पडली तर औषधाने तो आटोक्यात येतो, ऑपरेशनने बहुधा येत नाही. आज नाक, उद्या हनुवटी. १४४१६ ही टेली-मानसची सरकारी मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

मुलगी २४ वर्षांची. बघण्याचे कार्यक्रम सुरू आहेत. मेडिकलमधून गोरं करणारी ट्यूब आणली, पाच महिने लावली. आधी छान उजळली. आता गाल लाल, हनुवटीवर लव, उन्हात आग होते. बंद केली की चेहरा पेटतो. (हर्णै)

ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही तीन नावं दिसली तर ते वांगांवर, डॉक्टरच्या देखरेखीत, थोडे आठवडे वापरायचं औषध आहे. मोमेटासोन हे स्टिरॉइड. नाव '-सोन' किंवा '-सोल' ने संपत असेल (बीटामेथासोन, क्लोबेटासोल) तर आधी शंका घ्यायची. सुरुवातीला रंग उजळतो, कारण रक्तवाहिन्या आकसतात आणि रंगपेशी मंदावतात. महिने गेले की कातडी पातळ होते, वाहिन्या दिसायला लागतात, मुरुमं आणि लव येते. बंद केल्यावर काही दिवसांत चेहरा पेटतो आणि घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. ही साखळी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊनच तोडायची. एकदम थांबवायचं की हळूहळू, ते तेच ठरवतील. बरं व्हायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. तोवर साबणविरहित सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बेसन, लिंबू, हळद, वाफ यातलं काहीही नाही. २०१८ पासून अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हे दुकानदारालाही माहीत आहे.

उत्पादकाचं नाव नसलेली 'परदेशी' डबी असेल तर ती ट्यूबपेक्षाही वाईट. तिच्यात पारा असू शकतो. त्याने मूत्रपिंडावर परिणाम होतो: पायांना सूज, लघवीला फेस. असं काही दिसलं तर लघवीतली प्रथिनं लगेच तपासून घ्या.

मुलीचा मूळ रंग बघायचा तर दंडाची आतली बाजू बघा. चेहरा फार तर तिथवर येतो, त्यापुढे कुठलंच मलम नेत नाही. हर्णैच्या उन्हात तिथवर यायचं तर तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा सनस्क्रीन चेहरा आणि मानेला, एसपीएफ ३० किंवा वर, दर दोन तासांनी. दिवसातून दोनदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब तीनएक आठवड्यांत संपते. ती तीन महिने पुरत असेल तर लावलीच जात नाही. सावली स्वतःपेक्षा आखूड असेल तेव्हा छत्री. ओली वाळू, ढगाळ आकाश यांवर विसंबू नका.

आणि बायोडाटातली 'वर्ण' ही ओळ काढून टाका. 'निमगोरा' हा शब्द त्या कागदाबाहेर कुणी वापरत नाही. मुलीचा फोटो आहेच. तो बघून फोन करणाऱ्यांशीच बोलायचं आहे.

वय ४६. तीन महिन्यांपूर्वी कर्करोगासाठी एक स्तन काढला. एका बाजूला सपाट. हळदीकुंकवाला जात नाही, पदर ओढून बसते. मी अर्धी झालेय असं वाटतं. ब्लाउजमध्ये काय घालू? (चिपळूण)

सध्या काय घालता ते लिहिलं नाहीत. बहुतेकजणी रुमालाची घडी घालतात. ती हलकी असते, चालताना वर सरकते आणि सगळं लक्ष तिच्याकडेच लागून राहतं.

जखम भरेपर्यंत, म्हणजे पहिले सहा-आठ आठवडे, सुती कापडाचा किंवा सुती धाग्याने विणलेला स्तनाचा मऊ आकार वापरतात. त्यात पॉलिस्टर कापूस भरायचा आणि तळाशी वजनासाठी धुता येणाऱ्या काचमण्यांची छोटी पुरचुंडी शिवायची. तांदूळ, मूग भरू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात आठवड्यात बुरशी धरते. तुमचे तीन महिने झालेत. किरणोपचार चालू नसतील आणि शल्यविशारद हो म्हणाले, तर आता सिलिकॉनचा घेता येईल. तो दुसऱ्या बाजूच्या वजनाचा हवा. भरलेल्या अंगाची बाई एका बाजूचं वजन नसताना नकळत तो खांदा उचलून चालते, मग मान आणि पाठ धरते. घ्यायला जाताना नेहमीची ब्रेसियर आणि अंगावर बसणारा ब्लाउज घालून जा. वाकून, हात वर करून, जिना चढून बघा.

ब्लाउजसाठी शिंपीणबाईला हे सांगा: आतून मलमलचा खिसा, तोंड काखेकडे. पुढचा गळा इंचभर वर. त्या बाजूची बाही सैल, काखेत शिवण जाड नको. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून घट्ट चुडा दुसऱ्या हातात. बोटं किंवा मनगट जड वाटलं, अंगठी रुतली, तर थांबू नका, दाखवा. पदराची पिन नेहमी खांद्यावर, छातीवर कधीच नाही. सिलिकॉनला एक टोच बसली की तो वाहायला लागतो.

घामाचं म्हणाल, तर रोज रात्री सौम्य साबणाने धुवायचा, टॉवेलने टिपायचा, डबीत त्याच्या आकारात ठेवायचा. उन्हात नाही, चुलीजवळ नाही. वरून सुती खोळ. जून ते सप्टेंबर एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात, अशा तीन खोळी लागतात.

'अर्धी' या शब्दाबद्दल. काही बायका महिनोन्‌महिने अंधारात अंघोळ करतात. आठवड्यातून दोनदा, दार लावून, भरपूर उजेडात, फक्त व्रण बघा. दोन मिनिटं पुरेत. जखम पूर्ण भरली असेल तर बोटाने खोबरेल लावा, गोल फिरवत. पहिल्या वेळी रडू येईल, येऊ दे. चार-पाच वेळांनंतर नवऱ्याला दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पुनर्रचनेचं ऑपरेशन नंतरही करता येतं. पुढच्या तपासणीला शल्यविशारदांना विचारून घ्या. आणि हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी नवा ब्लाउज घालून घरातच दोन तास वावरा, म्हणजे काय सरकतंय, काय टोचतंय ते तिथे जाण्याआधीच कळेल.